गाडीत आतल्या लाइटी लावायच्यात? मग आधी करंट कुठून येणार आणि कुठे तुटणार ते ठरव

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. जुनी वॅगनआर घेतलीस, बाजारातून निळ्या एलईडी पट्टीचा ५ मीटरचा रोल आणलास, पायाजवळ आणि डिकीत लाइट हवी, दार उघडलं की आपोआप लागली पाहिजे, रात्री पार्किंग लाइट लावली तरी लागली पाहिजे, आणि मित्र म्हणतोय की बॅटरीला डायरेक्ट दे, दोनच तर वायरी आहेत. मित्राला चहा पाज पण त्याचं ऐकू नको. मी नाशकात २६ वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय आणि माझ्याकडे "लाइट लावली होती, आता काहीतरी वास येतोय" म्हणून जेवढ्या गाड्या आल्या त्यातल्या बहुतेक सगळ्यांचं मूळ हेच, बॅटरीला डायरेक्ट आणि मधे फ्यूज नाही.

आता माझीच फजिती सांगतो म्हणजे दुसऱ्याला नावं ठेवल्यासारखं नको. धंद्याला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील, वणीच्या यात्रेआधी एक काळीपिवळी जीपवाला आला, म्हणे सीटखाली निळी लाइट टाकून दे, देवीला भाविक घेऊन जायचेत, गाडी सजली पाहिजे. मी सीटच्या रनरखालून वायर ओढली, बॅटरीवरून सरळ प्लस घेतला, काळी टेप गुंडाळली, पैसे घेतले, संपलं. नांदुरीवरून गड चढताना सीट पुढेमागे होऊन होऊन वायरीचं कव्हर घासलं, आतली तार रनरच्या लोखंडाला लागली आणि सीटखालून धूर. ड्रायव्हर हुशार, त्याने गाडी कडेला घेऊन बॅटरीचा टर्मिनलच उपटला म्हणून नऊ-दहा माणसं सुखरूप उतरली. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि ती वितळलेली वायर माझ्या टेबलावर ठेवून काही न बोलता उभा राहिला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, कुठलीही वायर टाकायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे, करंट कुठून येणार, गडबड झाली तर कुठे तुटणार, आणि परत कुठून जाणार. लाइट कुठे चिकटवायची हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

मधला प्रश्न नवीन माणसाला कळत नाही म्हणून तोच आधी घेतो. वायर कधीतरी घासणार, उंदीर कुरतडणार, वायरी जोडणारा कपलर निघणार, हे गृहीत धर. गाडीची सगळी लोखंडी बॉडी बॅटरीच्या मायनसला जोडलेली असते, म्हणून प्लसची वायर बॉडीच्या पत्र्याला लागली की शॉर्ट, आणि गाडीची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपियर फेकते, तिच्यावर तर स्टार्टर फिरतो. एवढा करंट बारीक वायरीतून गेला की वायर हीटरच्या कॉइलसारखी लाल होते आणि तिच्या शेजारून जाणारं कंपनीचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, पण सोबत जळतं. म्हणजे कुठेतरी काहीतरी जळणारच आहे, आपण फक्त एवढंच ठरवायचं की जळायचं ते पाच-दहा रुपयाच्या फ्यूजने. फ्यूज लाइटला वाचवायला नसतो रे, वायरीला वाचवायला असतो. म्हणून तो लाइटजवळ लावून काही उपयोग नाही, जिथून करंट उचलला तिथे लावायचा, अगदी वीतभर अंतरात. कारण फ्यूजच्या अलीकडे जेवढी वायर राहील तेवढी उघडीच, तिला कोणी वाली नाही.

आता किती अँपियरचा टाकायचा. तुझ्या रोलच्या पाकिटावर ५०५० किंवा ३५२८ किंवा २८३५ असा आकडा असेल, तो एलईडीच्या दाण्याचं माप आहे, ५०५० म्हणजे ५ बाय ५ मिलिमीटर, ३५२८ म्हणजे साडेतीन बाय २.८. मीटरला ६० दाणे असतील तर ५०५० ची पट्टी साधारण मीटरला १४.४ वॅट घेते म्हणजे १२ व्होल्टवर १.२ अँपियर, आणि ३५२८ ची ४.८ वॅट म्हणजे ०.४ अँपियर. वॅट भागिले व्होल्ट बरोबर अँपियर, एवढंच गणित, दहावीत केलंय आपण. तुला पुढे दोन, मागे दोन आणि डिकीत एक असे ३०-३० सेंटिमीटरचे पाच तुकडे लागतील, दीड मीटर झालं. ५०५० असेल तर १.८ अँपियर, ३५२८ असेल तर ०.६. पहिल्याला ३ अँपियरचा फ्यूज, दुसऱ्याला २ चा. ब्लेड फ्यूजचे रंग ठरलेले असतात, २ राखाडी, ३ जांभळा, ५ फिकट तपकिरी, ७.५ गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. दुकानदार म्हणेल १० चा घे, काही होत नाही. १० चा घेतला तर बारीक वायर आधी तापणार आणि फ्यूज निवांत बघत बसणार. वायर ऑटोची घे, बारीक तारांची, ०.७५ स्क्वेअर एमएम पुरे. घरातली एकतारी उरलेली वायर वापरू नको, गाडीच्या धक्क्यांनी ती आतून तुटते आणि बाहेरून कव्हर चांगलं दिसतं, मग दिवसभर शोधत बस.

माझं मत विचारशील तर पायाजवळ ५०५० लावूच नको, डोळे दिपतात. बारीक दाण्याची, कमी वॅटची पट्टी भरपूर होते. आणलीच असशील ५०५० तर मधे उजेड कमी करणारा छोटा डिमर टाक.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगतो. पट्टीवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं पण गाडीत १२ कधीच नसतात. बंद गाडीत भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू झालं की अल्टरनेटर १३.८ ते १४.४ देतो. तुला वाटेल दोन व्होल्टने काय होतंय. पट्टीत तीन-तीन दाणे एका ओळीत आणि त्यांच्यासोबत एक छोटी रेझिस्टन्स अशी जोडणी असते. निळा किंवा पांढरा दाणा साधारण ३ व्होल्ट खातो, तिघांचे ९, उरले ३ ते त्या रेझिस्टन्सवर. आता १४.४ आले तर दाणे जवळपास तेवढेच खाणार आणि रेझिस्टन्सवर ३ ऐवजी ५.४ पडणार, म्हणजे करंट दीडपटीच्या वर, पावणेदोनपटीकडे जातो. घरी अॅडॉप्टरवर वर्षानुवर्षं चालणारी पट्टी गाडीत चार महिन्यांत तीन-तीनच्या गटाने मरते ती याच्यामुळे, आणि लोक म्हणतात माल डुप्लिकेट. म्हणून एक तर गाडीसाठीचीच पट्टी घे, नाहीतर १२ व्होल्ट फिक्स देणारा छोटा कन्व्हर्टर टाक, किंवा डिमर ६०-७० टक्क्यांवर ठेवून विसरून जा, गरम कमी होते आणि टिकते. आणि माझं फ्यूजचं गणित पण म्हणूनच थोडं मोकळं ठेवलंय, १.८ ला २ चा न सांगता ३ चा सांगितला, पण ५०५० डिमर किंवा कन्व्हर्टरशिवाय लावलीस तर पावणेदोनपटीने तो ३ चा पण काठावर येतो. पट्टी कापायची तर जिथे कात्रीची खूण आणि तांब्याचे ठिपके आहेत तिथेच, तीन दाण्यांनंतर. मधेच कापली तर ते तीन गेले.

करंट कुठून घ्यायचा. गाडीत तीन प्रकारचे प्लस असतात. एक कायमचा, चावी काढली तरी जिवंत. दुसरा अॅक्सेसरीचा, चावी पहिल्या खटक्यावर आली की येतो, म्युझिक सिस्टीम आणि चार्जिंगचं सॉकेट यावर. तिसरा इग्निशनचा, चावी त्याच्या पुढच्या खटक्यावर, गाडी चालू असताना येतो. नुसती गाडी चालू असताना लाइट हवी असती तर मी दोन ओळीत उत्तर दिलं असतं, सॉकेटच्या फ्यूजवरून फ्यूज टॅप घे, काळी वायर बॉडीला दे, झालं. तुला दार उघडल्यावर हवी, तेव्हा चावी तुझ्या खिशात असणार, म्हणजे कायमचा प्लस लागणार. तो पण बॅटरीवरून आणायची गरज नाही, डॅशखालच्या फ्यूज बॉक्समधे मिळतो.

फ्यूज टॅप म्हणजे फ्यूजच्या जागी बसणारी छोटी डबी, तिच्यात दोन फ्यूज बसतात, एक गाडीचा जुना आणि एक तुझा, आणि तुझी वायर बाहेर निघते. कंपनीची एकही वायर कापायची नाही, उद्या गाडी विकायची झाली तर उपटली की गाडी होती तशी. साइज बघून घे, मोठा ब्लेड, मिनी आणि मायक्रो वेगवेगळे असतात, आपला जुना फ्यूज काढून दुकानात घेऊन जायचा आणि शेजारी धरून बघायचं. आता लावायची बाजू. जुना फ्यूज काढला की दोन खाचा दिसतात, मल्टिमीटर डीसी २० वर ठेव, काळी पिन बॉडीच्या लोखंडाला, लाल पिन एकेका खाचेत, ज्या खाचेत १२ दाखवेल ती बॅटरीकडची. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना कॉमन आहे तो त्या खाचेत गेला पाहिजे. उलटा बसला तरी लाइट लागते म्हणून कोणाला पत्ता लागत नाही, पण मग तुझा करंट गाडीच्या जुन्या फ्यूजमधूनही जातो आणि त्याच्यावर फुकटचा भार. तपासायची सोपी युक्ती, टॅप बसवल्यावर त्यातला गाडीचा जुना फ्यूज काढून बघ, तुझी लाइट तरीही चालू राहिली तर बरोबर, विझली तर टॅप उलटा फिरव.

कुठल्या फ्यूजवर टॅप टाकायचा ते झाकणाच्या आत छापलेलं असतं. सॉकेट, रेडिओ, रूफ लाइट असल्या बिनमहत्त्वाच्या सर्किटवर टाक, तुला मात्र त्यातला चावी काढल्यावरही जिवंत राहणारा लागेल, रूफ लाइटचा. एअरबॅग, एबीएस, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, फ्युएल पंप, पॉवर स्टीअरिंग यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही म्हणजे नाही. आणि पिवळ्या कपलरची किंवा पिवळ्या नळीतली वायर दिसली की हात मागे. ती एअरबॅगची असते. तिच्यात टेस्ट लॅम्प, म्हणजे करंट तपासायचा टोकदार बल्ब, टोचणारे शूर लोक मी पाहिलेत, टेस्ट लॅम्पमधून जाणारा करंट एअरबॅग उडवायला पुरू शकतो, आणि एअरबॅग उडाली तर ती उशी म्हणून नाही, तोंडावर बुक्की म्हणून येते. तुझ्या गाडीत एअरबॅग नसेलही, आपल्याकडे नवीन गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग २०१९ च्या जुलैपासून सक्तीची झाली, पण टॉप मॉडेल असेल तर आधीच्या गाडीत पण असते, बघून घे. ज्यांच्या गाडीला छताच्या कडेने पडदा एअरबॅग आहे त्यांनी पुढच्या काचेशेजारच्या खांबाच्या प्लास्टिकमागून वायर नेऊ नये, ती उघडताना वायर मधे नको.

आता तुझा मुख्य मुद्दा, दार उघडल्यावर लागणं. इथेच नव्वद टक्के नवीन पोरं फसतात कारण त्यांच्या डोक्यात घरातला स्विच असतो, स्विच प्लस तोडतो. जुन्या साध्या गाड्यांत बऱ्याचदा उलटं असतं. रूफ लाइटला प्लस कायमचा पोचलेला असतो आणि दाराच्या खांबावर जे रबरी बटण असतं ते दार उघडल्यावर बाहेर येतं आणि मायनस जोडून देतं. म्हणजे दार करंट देत नाही, करंटला परत जायचा रस्ता उघडून देतं. तू पट्टीचा प्लस रूफ लाइटवरून घेतला आणि मायनस बॉडीला दिला तर लाइट कायम चालूच राहणार, दाराशी काही संबंधच नाही, आणि मग तू म्हणशील स्विच खराब आहे.

तुझ्या गाडीत कसं आहे ते असं बघ. रूफ लाइटचं प्लास्टिक हळूच काढ, बल्ब जागेवर राहू दे, रूफ लाइटवरचं ऑन-ऑफ-डोअरचं बटण डोअरवर ठेव. काळी पिन बॉडीला. एका वायरवर दार उघडं असो नाहीतर बंद, १२ दाखवतात, तो कायमचा प्लस. दुसरी एक वायर दार बंद असताना १२ च्या जवळ दाखवेल आणि दार उघडलं की शून्यावर येईल, ती दाराची वायर. बल्ब काढून मोजलंस तर दार बंद असताना काहीही आकडा येईल कारण तिकडे करंट पोचतच नाही, म्हणून बल्ब ठेव म्हणालो. मग पट्टीचा प्लस फ्यूजमधून कायमच्या प्लसवर, आणि पट्टीचा मायनस त्या दाराच्या वायरला, बॉडीला नाही. बल्ब आणि पट्टी दोघं एकत्र लागतील, एकत्र विझतील.

हे चालतं कुठे, तर जिथे दाराचं बटण साधं मेकॅनिकल आहे आणि पट्टी अर्ध्या-पाऊण अँपियरची आहे. दार बंद केल्यावर रूफ लाइट हळूहळू मावळत विझत असेल तर समज की मधे बॉडी कंट्रोल मॉड्यूल आहे, सगळे बीसीएम म्हणतात. बीसीएम म्हणजे छोटा कॉम्प्युटर, त्याच्यातला ट्रान्झिस्टर कंपनीच्या एका बल्बच्या हिशोबाने ठेवलेला, त्याच्यावर ५०५० ची दीड मीटर पट्टी टांगली तर तो जाऊ शकतो आणि बीसीएमचं बिल ऐकून तू माझ्याशी बोलणं सोडशील. तिथे मधे रिले टाकायची, म्हणजे थोड्या करंटने आतली कॉइल ओढून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बीसीएमवर फक्त रिलेच्या कॉइलचा भार, पट्टीचा करंट वेगळ्या रस्त्याने. रिलेवर आकडे असतात, ८५ आणि ८६ कॉइल, ३० वर फ्यूजमधून आलेला प्लस, ८७ वरून पट्टीकडे, पट्टीचा मायनस मग बिनधास्त बॉडीला. ८६ ला कायमचा प्लस, तो पण त्याच फ्यूजच्या पुढून घे, ८५ ला दाराची वायर. ८७ए असेल तर तो उलटा कॉन्टॅक्ट, मोकळा सोड आणि टेप लाव. कॉइल बंद होताना उलटा झटका मारते म्हणून आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देतो तो) असलेली रिले माग, आणि तशी घेतली तर ८५-८६ उलटं करू नको, वर चित्र असतं. मावळणाऱ्या लाइटवर रिले विझताना थोडी टकटक करते, ते मात्र सहन करावं लागेल.

आणि पार्किंग लाइटवर पण लागली पाहिजे हे तुझं दुसरं म्हणणं. सोपं वाटतं, पार्किंगचा प्लस आणून पट्टीच्या प्लसला जोडला. असं एकाने केलं होतं, इंदिरानगरचा मुलगा, स्वतः इंजिनिअरिंगला होता, आला तो हसतच, म्हणे दार उघडलं की माझ्या हेडलाइटशेजारच्या लाइटी पण लागतात आणि नंबर प्लेटपण उजळते. करंटला पाट्या वाचता येत नाहीत, वाट मिळाली की दोन्हीकडे जाणार. रिलेकडून आलेला प्लस पट्टीत जाईल तसाच उलटा पार्किंगच्या वायरीत पण घुसेल. म्हणून दोन्ही वाटांवर एकेक डायोड, चांदीची रेघ पट्टीकडे. ४००७ नंबरचा सगळीकडे मिळतो पण तो १ अँपियरचा, ३५२८ ला चालेल, ५०५० ला ५४०८ घे, तो ३ अँपियरचा. लक्षात घे की हे डायोडचं जमेल ते रिलेवाल्या जोडणीत, जिथे पट्टीचा मायनस बॉडीला आहे. दाराच्या वायरला मायनस दिलास तर पार्किंग लावून काही होणार नाही कारण दार बंद म्हणजे परतीचा रस्ताच बंद. पार्किंगच्या वायरीवर पण स्वतःचा फ्यूज, उचलल्या जागी. खरं सांगू, पहिल्याच कामात दोन्ही करू नको, आधी दारावरचं कर, महिनाभर वापर, मग पार्किंगचं बघ.

परतीचा रस्ता म्हणजे अर्थ. बॉडीला अर्थ दिला म्हणजे कुठल्याही स्क्रूखाली तार दाबली असं नव्हे. रंगावर अर्थ होत नाही, प्लास्टिकच्या क्लिपवर तर नाहीच. डॅशखाली कंपनीचा अर्थचा बोल्ट असतो, तिथे दोन-चार वायरी रिंग लगने, म्हणजे टोकाच्या गोल कडीने, बांधलेल्या दिसतील, तिथेच आपला लग द्यायचा. मिळत नसेल तर पत्र्यात बसलेला बोल्ट शोध, खालचा रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड चमकव, दातेरी वॉशर घालून आवळ. सीटबेल्टचा बोल्ट आणि एअरबॅग मॉड्यूलचा बोल्ट सोडून. लाइट फडफडते, खड्ड्यात विझते, रेडिओत घरघर येते, या तिन्ही तक्रारी आल्या की मी आधी अर्थच बघतो. आपल्याकडचा पाऊस पण लक्षात ठेव, इगतपुरी-त्र्यंबकला चार महिने जाणारी गाडी असेल तर पायाखालचं मॅटिंग ओलं राहतं, तिथे खाली जॉइंट किंवा अर्थ ठेवला की दिवाळीपर्यंत हिरवा पडतो. जॉइंट नेहमी वरच्या अंगाला.

जॉइंटबद्दल माझं आणि बऱ्याच जणांचं भांडण आहे. निळा प्लास्टिकचा क्लिप मिळतो, दोन वायरी घालून पक्कडीने दाबला की जॉइंट तयार, सोलायची भानगड नाही. तो आतली पत्र्याची पाती वायरीत घुसवतो आणि निम्म्या तारा कापतो, सहा महिन्यांनी लूज कॉन्टॅक्ट. मी वापरत नाही. सोल्डरिंग चांगलं पण जिथे सोल्डर संपतं तिथे वायर कडक होते आणि हलती राहिली तर तिथेच तुटते, म्हणून सोल्डर केलेला जॉइंट जवळच टायने बांधायचा. नवीन माणसाने सरळ क्रिम्पचा, म्हणजे दाबून बसवायचा, जॉइंटर घ्यावा, क्रिम्पिंगच्याच पक्कडीने दाबावा, साध्या पकडीने नाही, ओढून बघावा आणि वर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आकसणारी नळी, चढवावी. स्लीव्ह वायरीत आधी घालायची असते, जॉइंट झाल्यावर आठवून उपयोग नाही, मी अजूनही आठवड्यातून एकदा विसरतो. काळी पीव्हीसी टेप उन्हात घाम सोडते, आपल्या एप्रिल-मेच्या चाळिशीच्या उन्हात काच लावून उभी केलेली गाडी आतून भट्टी होते, टेपचा गोंद पाघळतो आणि टेप आपोआप उलगडते. कापडी हार्नेस टेप घे. पट्टीमागचा गोंद पण त्याच उन्हात सुटतो, जागा आधी स्पिरिटने पूस आणि दोन्ही टोकांना टाय मार. पट्टी लोंबकळून ब्रेकच्या पेडलमागे गेली तर काय होईल ते तुला सांगायला नको. वायर स्टीअरिंगच्या दांड्याजवळून आणि पेडलच्या वरून न्यायचीच नाही, दाराच्या उंबरठ्याच्या प्लास्टिकखालून कंपनीचं हार्नेस जातं त्याच्यासोबत बांधून डिकीपर्यंत ने. पत्र्याच्या भोकातून जायची वेळ आली तर रबरी ग्रोमेट शिवाय नाही.

प्लास्टिक काढायला स्क्रू ड्रायव्हर नको, प्लास्टिकचा पाना मिळतो. आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी सकाळी करू नको. निफाडकडे पारा खाली उतरतो तेव्हा आपल्याकडे पण गाडीचं प्लास्टिक बिस्किटासारखं कडक होतं, क्लिपा कटाकट तुटतात. गाडी तासभर उन्हात ठेव, मग काढ.

काम सुरू करायच्या आधी दहाचा पाना घेऊन बॅटरीचा मायनस काढ, शेवटी मायनसच लाव. प्लस आधी काढायला गेलास आणि पाना बॉडीला लागला तर वेल्डिंग होतं. मोजमाप करायला बॅटरी जोडावी लागेल तेवढ्यापुरती जोड, वायर कापताना-जोडताना पुन्हा काढ.

बॅटरीचा हिशोब पण करून ठेव. तुझ्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपियर अवरची, म्हणजे १ अँपियर साधारण ३५ तास. ०.६ अँपियरची पट्टी चुकून चालू राहिली तर एका रात्रीत ६ अँपियर अवर, सकाळी स्टार्ट होईल. तीन दिवस बाहेरगावी गेलास, डिकी नीट बंद नव्हती, ४३ होतात, बॅटरी खलास. म्हणून एक छोटा स्विच मधे ठेवच, मुलं दार उघडं ठेवून खेळतात तेव्हा पण कामाला येतो. रिमोटवाली रंगीत पट्टी घेणाऱ्यांना वेगळं सांगतो, तो कंट्रोलर लाइट बंद असतानाही थोडा करंट पीत बसतो, तो कायमच्या प्लसवर देऊ नका, अॅक्सेसरीवर द्या. रंगीत पट्टीत प्लस एकच आणि लाल-हिरवा-निळा हे तिन्ही मायनस असतात, कंट्रोलर मायनस तोडजोड करतो, म्हणून त्यातली एखादी वायर बॉडीला लागली की तो रंग विझतच नाही. यूएसबीवर चालणारी पट्टी ५ व्होल्टची असते, ती कापून १२ वर जोडली की एक सेकंद फार सुंदर दिसते.

ट्रकवाल्यांनो, तुमच्याकडे दोन बॅटऱ्या सीरिजमधे, २४ व्होल्ट. एकाच बॅटरीवरून १२ घेतले तर ती एकटी रिकामी होत जाते आणि दुसरी जास्त चार्ज होते, दोन्ही लवकर मरतात. २४ ची पट्टी घ्या. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलच्या आसपास पण जायचं नाही.

रंगाबद्दल एवढंच, पोलिसांसारखी लाल-निळी चमकणारी लाइट लावू नको, आणि समोरून बघणाऱ्याला गाडीची लाल लाइट दिसता कामा नये हा नियमच आहे. तुझी निळी पायाजवळ राहील अशी बसव, दाणे सीटकडे नाही तर फरशीकडे तोंड करून. कसारा घाटात पावसाळ्यातलं धुकं आणि आत निळा उजेड असला की पुढच्या काचेत स्वतःचे गुडघे दिसतात, रस्ता दिसत नाही. म्हणून पार्किंगवर लागणारी लाइट अगदी मंद ठेव.

सगळं झालं की लगेच प्लास्टिक बसवू नको. इंजिन चालू करून अर्धा तास लाइट लावून ठेव आणि पट्टीला, जॉइंटला, फ्यूजला बोट लावून बघ. कोमट चालतं, चटका बसला तर डिमर खाली आण किंवा जॉइंट परत कर. मग गाडी बंद करून, दारं लावून, अर्धा तास थांबून बॅटरीचा मायनस काढ आणि मल्टिमीटर १० अँपियरच्या भोकात लाल पिन घालून मायनस टर्मिनल आणि केबलच्या मधे लाव. बॉनेट उघडंच राहील, ते चालतं. केबल काढली-लावली की मॉड्यूल जागे होतात, आकडा आधी जास्त दिसेल, तो खाली बसेपर्यंत थांब. ५० मिलीअँपियरच्या आत आला तर तुझं काम पास. मीटर तसा लावलेला असताना चावी फिरवून स्टार्टर मारू नको, मीटर जाईल. जास्त आला तर तुझ्या टॅपमधला फ्यूज काढून बघ, आकडा उतरला तर चूक तुझी, नाही उतरला तर जुन्या मालकाची, आणि सेकंडहँड गाडीत दुसरं निघण्याची शक्यता बरीच असते.

आणि ५ मीटरातली साडेतीन मीटर उरेल ती डॅशखाली कोंबून ठेवू नको, गणपतीच्या मखराला लाव, ३५२८ असेल तर १२ व्होल्ट २ अँपियरचा अॅडॉप्टर पुरतो, ५०५० निघाली तर ५ चा घे.